भूल उतरेपर्यंतचा वेळ: रिकव्हरी रूममध्ये नेमके काय चालते?

प्रश्न: फोंडेकर मुलगी

नमस्कार. पुढच्या आठवड्यात माझ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हायची आहे. आईचे वय ६६ वर्षे आहे, पित्ताशयात खडे आहेत आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचे ठरले आहे. सर्जननी सगळे नीट समजावून सांगितल्यामुळे शस्त्रक्रियेविषयी माझ्या मनात शंका राहिलेली नाही. मला विचारायचे आहे ते त्यानंतरच्या तास-दोन तासांविषयी, जेव्हा रुग्ण रिकव्हरी रूममध्ये असतो आणि आपण बाहेरच्या बाकावर बसून असतो.

हे विचारण्यामागे एक अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. साडेबारा वाजता सर्जननी बाहेर येऊन सर्व व्यवस्थित पार पडल्याचे सांगितले, आणि वडिलांना वॉर्डमध्ये आणले ते पावणेतीन वाजता. मधल्या सव्वादोन तासांत तो दरवाजा कितीतरी वेळा उघडला, पण "वेळ लागेल" यापलीकडे आम्हाला कोणीही काही सांगितले नाही. वडिलांना आणले तेव्हा त्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. शुद्धीवर येताना ते फार अस्वस्थ झाले, उठून बसू लागले, सलाइनची सुई ओढू लागले, म्हणून हात बांधावे लागले, असे आम्हाला सांगण्यात आले.

वडिलांना ऐकू कमी येते. ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नेण्यापूर्वी त्यांची श्रवणयंत्रे काढून माझ्या हातात दिली होती आणि तो सगळा वेळ ती माझ्या पर्समध्ये होती. संध्याकाळी त्यांनी सांगितले, की त्यांना लघवीची असह्य कळ आली होती आणि ते पुन्हा पुन्हा "म्हाका लघवेक वचूंक जाय" असे म्हणत होते. ड्यूटीवरच्या सिस्टर परप्रांतातल्या होत्या, त्यांना कोकणी कळत नव्हती. त्या जे बोलत होत्या ते वडिलांना ऐकू येत नव्हते. मी त्या दोघांपासून एका भिंतीच्या अंतरावर बसले होते.

या खोलीत रुग्णावर नेमके काय लक्ष ठेवतात, किती वेळ लागणे स्वाभाविक मानायचे, नातेवाइकांना आत का घेत नाहीत, आणि आईच्या वेळी असे होऊ नये म्हणून आधी कोणाला काय सांगून ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: भूलतज्ज्ञ, मडगाव

आपल्या वडिलांच्या बाबतीत जे घडले ते वाचून वाईट वाटले. आपला प्रश्न योग्य आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधी विचारला जात आहे हे अधिक चांगले. मी गेली अनेक वर्षे भूल देण्याचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पूर्ण भूल देताना आम्ही साधारणपणे तीन प्रकारची औषधे वापरतो: झोप आणणारी, वेदना थांबवणारी आणि स्नायू शिथिल करणारी. शेवटचा टाका घातला जातो त्या क्षणी ही तिन्ही औषधे शरीरातून एकदम निघून जात नाहीत. स्नायूंचे औषध उतरवण्यासाठी उलट परिणामाचे औषध देतो, रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला आणि सांगितल्यावर डोळे उघडू लागला की श्वासनळीतली नळी काढतो आणि मग त्याला रिकव्हरी रूममध्ये आणतो. त्या वेळी रुग्ण हाकेला ओ देत असला तरी हाक मारणे थांबवले की पुन्हा झोपतो, आणि धोका आहे तो त्या झोपेत. जबडा सैल पडून जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट अडते. घोरण्यासारखा आवाज येत असेल तर वाट अर्धवट अडली आहे असे समजायचे; छाती-पोट हलत आहे पण नाका-तोंडाशी हवाच लागत नाही, आवाजही नाही, ही अवस्था त्याहून गंभीर. उपाय मात्र साधा असतो: हनुवटी वर उचलणे, जबडा पुढे ओढणे, रुग्णाला कुशीवर वळवणे. तो करण्यासाठी त्या क्षणी माणूस उशाशी हवा, एवढेच.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आहेच की, असे अनेक जण म्हणतात. ते यंत्र मोलाचे आहे, त्याविना मी कोणालाही भूल देणार नाही. परंतु मास्कमधून ऑक्सिजन चालू असताना रुग्णाचा श्वास मंदावला तरी यंत्रावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, आणि तो घसरू लागतो तोपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून श्वास डोळ्यांनी पाहावा लागतो, मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजावे लागते. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद होते. रुग्ण स्थिरावला की हे अंतर वाढवतात.

वॉर्डमध्ये केव्हा पाठवायचे, हे घड्याळाकडे पाहून ठरवायचे नसते. आल्ड्रेट या भूलतज्ज्ञांनी १९७० साली एक गुणपद्धती सुचवली, ती आजही जगभर वापरात आहे. हातपाय हलवणे, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. पुढे १९९५ साली रंगाच्या जागी ऑक्सिमीटरचे वाचन आले. दहापैकी नऊ किंवा अधिक गुण झाले की रुग्ण या खोलीतून बाहेर जाण्यास योग्य मानला जातो. कोणाला यासाठी अर्धा तास पुरतो, कोणाला दोन तास लागतात. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कित्येकदा रुग्ण केव्हाच सावरलेला असतो, पण वॉर्डमध्ये खाट रिकामी नसते किंवा न्यायला माणूस मोकळा नसतो, आणि त्यामुळे वेळ जातो. बाहेर बसलेल्यांना यांतले कारण कोणते हे कळायलाच हवे. ते सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आता आपल्या आईविषयी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा मागे उरतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, त्रास देतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूमुळांतून जात असल्यामुळे दुखते मात्र खांद्यात, बहुधा उजव्या. "पोटाचे ऑपरेशन आणि खांदा का दुखतो" म्हणून रुग्ण घाबरतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा. एक-दोन दिवसांत ते कमी होते.

उलटीचा अंदाजही बऱ्यापैकी बांधता येतो. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, आधी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागण्याची सवय असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणे, हे चार घटक धरतात. चारही असतील तर उलटी-मळमळीची शक्यता दहापैकी आठ इतकी वर जाते. तेव्हा चोर्ला घाटातून बेळगावला जाताना आईंना बस लागत असेल, तर ती बाब किरकोळ समजू नका, भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मग ते एकाऐवजी दोन-तीन प्रकारची औषधे आधीच देऊन ठेवतील.

शुद्धीवर येताना थंडीने अंग थडथडणे हेही सामान्य आहे. भुलीमुळे त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पहिल्या तासातच शरीराच्या आतले तापमान साधारण एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरू शकते. कुडकुडताना शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून वृद्ध आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांना आम्ही गरम हवेच्या पांघरुणाखाली ठेवतो.

वडिलांविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. शुद्धीवर येताना रुग्ण अस्वस्थ झाला तर आधी ऑक्सिजन पुरेसा आहे का ते पाहायचे, मग वेदना, मग मूत्राशय. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्क पुरुषांची लघवी अडणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की ओटीपोटावर हात ठेवून पाहणे किंवा सोनोग्राफीने मूत्राशय तपासणे हे सहज सुचायला हवे होते. एखादा रुग्ण स्वतःला इजा करून घेईल अशी वेळ आली तर काही क्षण हात धरावे लागतात, हे मान्य. परंतु कारण न शोधता बांधून ठेवणे हा उपचार नव्हे, आणि तसे केले असल्यास नातेवाइकांना आपणहून सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.

आईंचे घोरणे, झोपेच्या गोळ्या, आधीच्या भुलीचा अनुभव, हलणारे दात हे सर्व भूलतज्ज्ञांना सांगा. घरातल्या पुरुषाची शस्त्रक्रिया असेल आणि रोज संध्याकाळी फेणी घेण्याची सवय असेल, तर तीही लपवू नये. एकाएकी बंद झाल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांत होणारा भ्रम फार त्रासदायक असतो.

उत्तर २: निवृत्त परिचारिका, म्हापसा

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सविस्तर सांगितली आहे, मी खाटेजवळच्या गोष्टी सांगते. माझ्या नोकरीचा बराच काळ रिकव्हरी रूममध्ये गेला.

ताई, श्रवणयंत्राविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मला राहवेना. ती तुमची चूक नव्हती. यंत्र काढून नातेवाइकांकडे द्यायचे, ही पद्धत हरवण्याच्या भीतीने पडली आहे. पण त्यावर उपाय आहे. झाकणाची लहान डबी घ्यावी, तिच्यावर रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक चिकटवावा, आत श्रवणयंत्र किंवा चष्मा ठेवावा आणि ती ओटीत नेण्यापूर्वी सिस्टरच्या हाती देऊन केसपेपरवर तशी नोंद करून घ्यावी. रुग्णाने डोळे उघडले की पहिल्यांदा यंत्र कानात, मग बोलणे. जाड चष्मा लागणाऱ्या माणसाला तो नसताना छतावरचे दिवे आणि हिरवे कपडे यांखेरीज काही दिसत नाही. अशा वेळी कोणीही भांबावेल. कवळीचे मात्र डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करावे, कारण ती पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात नसलेलीच बरी. नखांना रंग असल्यास आदल्या दिवशी काढावा, गडद रंगामुळे ऑक्सिमीटर चुकू शकतो.

भाषेविषयी. आपल्याकडे मराठी वाचणारी-लिहिणारी कितीतरी कुटुंबे घरात कोकणी बोलतात, आणि भुलीतून उठणारा माणूस घरच्याच भाषेत बोलतो. एरवी उत्तम हिंदी बोलणाऱ्यालाही त्या घटकेला हिंदीचा शब्द सुचत नाही. केरळातून आणि इतर राज्यांतून आलेल्या मुली रुग्णालयांत फार मनापासून काम करतात, त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. नव्या मुलींना मी पाच-सहा शब्द कागदावर लिहून भिंतीला लावून देत असे: दुखता, लघवी, उदक, ओंकारी (उलटी), थंडी, स्वास. तेवढ्यानेही पुष्कळ काम भागते. तुम्ही आईच्या केसपेपरला असाच कागद जोडायला सांगा.

रुग्णाशी बोलायची एक रीत असते. कानाशी जाऊन नावाने हाक मारायची, शस्त्रक्रिया झाली हे सांगायचे, आपण कुठे आहोत हे सांगायचे. "ऑपरेशन जालें?" हा प्रश्न एकच रुग्ण दहा-दहा वेळा विचारतो, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारल्याप्रमाणे उत्तर द्यायचे असते, कारण काही औषधांमुळे त्या वेळचे काहीही त्याच्या स्मरणात टिकत नाही. म्हणूनच सर्जन रुग्णाला तिथेच सगळे सांगून गेले असतील तर त्यावर विसंबू नका. ते सांगणे तुमच्यासमोर पुन्हा व्हायला हवे.

एका सिस्टरकडे किती रुग्ण, हा प्रश्न अवश्य विचारा. रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसेल तोवर त्याच्यासाठी एक सिस्टर स्वतंत्र असावी. जिथे एकीकडे चार खाटा आणि वर फोन घेण्याचे कामही असते, तिथे ती कितीही चांगली असली तरी चारही जणांचे श्वास पाहू शकत नाही.

थोडे विषयाला जोडून सांगते. पणजीतील वैद्यकीय शाळा १८४२ साली सुरू झाली, तिचाच वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवते. बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. म्हणजे पणजीच्या पहिल्या विद्यार्थ्यांना भुलेवाचून होणारी शस्त्रक्रियाच ठाऊक असणार, आणि भुलीतून उठणाऱ्या रुग्णाची काळजी हा विषयच तेव्हा नव्हता. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवले आहे, की काही लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली असते आणि रुग्ण सावरेपर्यंत तिथेच राहतो. तरीही अशा खोल्या सर्रास झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, परिचारिकांची चणचण भासू लागली आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांना एका जागी आणून त्यांच्यावर लक्ष ठेवणे भाग पडले तेव्हा. अपुऱ्या माणसांत जास्तीत जास्त रुग्ण सुरक्षित ठेवण्यासाठी जी खोली वाढली, तिथेच माणसे कमी ठेवली तर तिचा उपयोग काय राहिला?

उत्तर ३: एक आई, डिचोली

माझ्या पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढले तेव्हाचा अनुभव लिहिते. भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या दिवशीच सांगितले होते, की वासाची भूल दिलेली लहान मुले उठताना कधी कधी खूप रडतात, हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत; ते वेदनेमुळेच असते असे नाही, थोड्या वेळाने आपोआप शांत होते आणि मुलाला नंतर काही आठवत नाही. तसेच झाले. सिस्टरनी मला आत बोलावले, तेव्हा तो माझ्याकडे पाहून किंचाळत होता आणि मला लोटत होता. आधी सांगितलेले नसते तर मी कोसळले असते. वीस मिनिटांनी तो माझ्या मांडीवर झोपला. त्याला कुशीवर ठेवायला सांगितले होते, आणि झोपेत तो पुन्हा पुन्हा गिळत असेल तर लगेच सांगा, कारण रक्त घशात उतरत असू शकते, हेही बजावले होते.

मला इतकेच म्हणायचे आहे, की मुलासाठी आईला आत घेता येते, तर ऐकू न येणाऱ्या सत्तरीच्या माणसासाठी मुलीला का घेता येऊ नये? त्यांचीही अवस्था त्या वेळी लहान मुलासारखीच असते. नियम वयावर न ठरवता गरजेवर ठरवावा, असे मला ठामपणे वाटते.

उत्तर ४: भूलतज्ज्ञ, मडगाव

डिचोलीच्या ताईंच्या म्हणण्याशी मी बराचसा सहमत आहे. नातेवाइकांना सरसकट आत न घेण्यामागे कारणे आहेत: शेजारच्या खाटेवरचा रुग्ण उघडा असतो, त्यालाही खासगीपणा हवा असतो, अचानक कोणाचा श्वास अडला तर खाटेभोवती मोकळी जागा लागते, आणि आपल्या माणसाला त्या अवस्थेत पाहून नातेवाइकांनाच चक्कर आल्याचे मी पाहिले आहे. परंतु ज्येष्ठ, कमी ऐकू येणारे, स्मृतिभ्रंश असलेले किंवा बोलता न येणारे रुग्ण यांच्यासाठी, श्वास स्थिर झाल्यावर, एका व्यक्तीला पाच-दहा मिनिटे आत घेण्यात अडचण नसावी. ओळखीच्या आवाजाने जे होते ते पुष्कळदा गुंगीच्या इंजेक्शनाने होत नाही. फक्त हे दारावर वाद घालून ठरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांशी बोलून कागदावर लिहून घ्यावे.

फोंडेकर मुलगी

सर्वांचे मनापासून आभार. आईची शस्त्रक्रिया काल सकाळी झाली, म्हणून कळवते. आधीच्या तपासणीच्या दिवशी मी भूलतज्ज्ञांना वेगळी वेळ मागून भेटले. आईला घाटात गाडी लागते, हे ऐकून त्यांनी खरोखरच पेन उचलून लिहून घेतले. चष्म्याची डबी आणि कोकणी शब्दांचा कागद सिस्टरनी काही न बोलता ठेवून घेतला. एका सिस्टरकडे किती रुग्ण, हे विचारताना मला संकोच वाटत होता, पण त्यांनी सरळ उत्तर दिले: दोन, आणि नुकताच ओटीतून आलेला असेल तर एकच.

आई आत होती पन्नास मिनिटे. वीस मिनिटांनी दार उघडून एका सिस्टरने सांगितले, "जाग्यो जाल्यात, थंडी वाजता म्हणून पांघरूण घातलां." उलटी झाली नाही. उजवा खांदा रात्रभर दुखला, पण आईला ते ठाऊक असल्यामुळे ती घाबरली नाही. आज सकाळी तिने थोडी पेज घेतली.

वडिलांनी ही चर्चा पहिल्यापासून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, की त्या दिवशी त्यांनी त्या सिस्टरवर हात तर उगारला नव्हता ना. तीन वर्षे त्यांच्या मनात हे होते, आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती.

निवृत्त परिचारिका, म्हापसा

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. भुलीतून उठताना लोकांनी मला ढकलले आहे, शिव्या दिल्या आहेत, एकदा एका आजोबांनी माझा चष्माही फोडला. तासाभराने तीच माणसे हात जोडून पाणी मागत, आणि त्यांना काही आठवत नसे. त्यांतल्या एकाचाही राग माझ्या मनात कधी राहिला नाही, आणि त्या खोलीत काम केलेल्या कोणत्याही सिस्टरच्या मनात राहत नाही. त्यांनी हात उगारला असेल की नसेल, ते मला सांगता येणार नाही. पण उगारला असेल तर तो लघवीची कळ सहन न झालेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाचा हात होता, आणि ते त्या वेळी कोणीतरी ओळखायला हवे होते.